शेजाऱ्यांच्या आरशात आपले आरोग्य

आमची दादी कोणाही बाईची विचारपूस करताना दोन प्रश्न हमखास विचारी : "झाली किती? राहिली किती?" नंदुरबारकडच्या आमच्या गावी त्यात कोणास वावगे वाटत नसे. दादीचे स्वतःचे उत्तर होते, "आठ झाली, पाच राहिली." ते सांगताना तिचा आवाज जराही बदलत नसे. आज वर्गात आकडेवारीचा धडा शिकवताना आमच्या ध्यानात येते की, देशाचे आरोग्य मोजण्याचे एक मुख्य माप त्या निरक्षर बाईच्या दोन प्रश्नांतच होते.

शास्त्रात त्यास अर्भक-मृत्युदर म्हणतात. जिवंत जन्मलेल्या १००० मुलांपैकी वर्ष पुरे होण्याच्या आत किती दगावली, तो हा आकडा. पाणी, आईचे अन्न, बाळंतपणाची सोय, लस, घरादाराची स्वच्छता, या साऱ्यांचा हिशेब त्यात उतरतो. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालात १९३७ सालचा ब्रिटिश हिंदुस्थानचा दर १६२ दिला आहे. २०२० साली भारताचा दर २८ होता. ही प्रगती थोडी नव्हे.

परंतु आपण स्वतःशीच तुलना करून थांबलो, तर अर्धेच उत्तर हाती येते. मग तुलना करावी तरी कोणाशी? चौथीतल्या मुलाची दहावीतल्या मुलाशी केली तर तो खचेल. बालवाडीतल्याशी केली तर शेफारेल. त्याच्याच बाकावर बसणाऱ्यांशी केली, तरच काही शिकता येईल. राष्ट्रांचेही तसेच आहे. हवामान, उत्पन्न व इतिहास ज्यांचे आपल्याशी मिळतेजुळते आहेत, त्यांच्याशी ताडून पाहावे. वर्ष एकच घ्यावे, मोजण्याची रीत एकच घ्यावी. आणखी एक सावधगिरी हवी : जो नोंद चोख ठेवतो त्याचा आकडा कधी कधी वाईट दिसतो, आणि जो नोंदच करीत नाही तो निरोगी भासतो!

आता बाकावरचे सोबती पाहू. आंतरराष्ट्रीय अंदाजांनुसार २०२० च्या सुमारास पाकिस्तानचा दर ५० हून अधिक होता. भारत, बांगलादेश व नेपाळ पंचविशीच्या आसपास होते. श्रीलंका मात्र ६ च्या जवळ होती. नेपाळचे दरडोई उत्पन्न आपल्याहून कमी, तरीही तो आपल्या पंक्तीस बसला. तेव्हा पैसा हेच सर्वस्व नव्हे, हे उघड आहे.

मग श्रीलंकेने केले काय? तेथे सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत ठेवले, गावोगावी प्रशिक्षित सुईणी नेमल्या आणि मुलींना शाळेत घातले. बांगलादेशात १९८० ते १९९० या दशकात 'ब्रॅक' संस्थेच्या स्त्रिया एक कोटीहून अधिक घरी गेल्या आणि जुलाब झालेल्या मुलास मीठ, गूळ व पाणी कसे कालवून पाजावे, हे आयांना हाताने करून दाखवले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले होते. तेच ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोचले.

दूर कशाला जावे? २०२० साली आपल्याच देशात केरळचा दर ६, महाराष्ट्राचा १६, गुजरातचा २३ आणि मध्य प्रदेशाचा ४३ होता. २०११ च्या जनगणनेत केरळात स्त्री-साक्षरता ९२ टक्के भरली. देशाची ६५ टक्के. आईची पाटी आणि बाळाचा पाळणा यांचे नाते याहून स्पष्ट काय सांगावे?

सुरतेलाही हा धडा मिळालेला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत गटारे, कचरा व पाणी यांवर रोजची देखरेख सुरू झाली. तेच शहर २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने देशात पहिले आले. शहर तेच होते, माणसेही तीच होती. फक्त शिस्त बदलली.

पण दादीच्या दोन प्रश्नांस आज तिसरा जोडला पाहिजे : "राहिली, त्यांत धट्टीकट्टी किती?" येथे आपली मान खाली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गुजरातेत तो ६५ टक्के. पाच वर्षांखालील मुलांत देशाचा आकडा ६७, तर गुजरातचा जवळजवळ ८०. गुजरात गरीब प्रांत नव्हे. तरी हे असे. शाळेत लोहाची गोळी दिली की काही मुली ती ओढणीत लपवतात. "उष्ण पडते, आईने घेऊ नको सांगितलंय," असे उत्तर मिळते. प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन बसणाऱ्या मुली बहुधा याच असतात.

आपण नवागामकर बहुतेक खानदेशातून पोटासाठी आलो. मुलांच्या शिक्षणासाठी आपण उपाशी राहू, पण मुलीच्या ताटात भाजी, डाळ, लिंबू रोज पडते का, हे पाहत नाही. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही, एवढेही घरोघर ठाऊक नाही.

म्हणून ट्रस्टच्या सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे. या महोत्सवाच्या वर्षी रोषणाईचा थोडा खर्च वाचवावा. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने आपल्या स्त्रिया व मुली यांचे रक्त तपासून घ्यावे आणि त्याची वही ठेवावी. नावे झाकलेली असोत, आकडे मात्र खरे असोत. पुढल्या वर्षी पुन्हा तपासावे. शेजारी राष्ट्रांचा आरसा पाहून झाला. आता स्वतःच्या घरातला आरसा पुसून घेऊ या. दादीच्या तिसऱ्या प्रश्नाला आपल्या नातींनी ताठ मानेने उत्तर द्यावे, एवढीच आमची इच्छा.