लाजाळूचे रोप

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याजवळ, इंद्रायणीच्या काठी आमचे आंबी हे गाव आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी येथेच राहतो. ओसरीवर बसून वाचन करावे, अंगणातील चार झाडांना पाणी घालावे आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलांशी दोन शब्द बोलावेत, असा माझा दिनक्रम आहे. ही हकिकत माझ्या नातीची आणि तिने बियांपासून वाढवलेल्या एका रोपाची आहे. ती त्या वेळी सहाव्या इयत्तेत शिकत होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती कोकणात गेली होती. तेथील नारळी-पोफळीच्या वाडीत तिने जमिनीलगत पसरलेले लाजाळू प्रथमच पाहिले. बोट लावताच पाने मिटतात, हे पाहून ती एवढी हरखली, की येताना वाळलेल्या शेंगांचा एक झुबका रुमालात बांधूनच घेऊन आली. लाजाळूच्या शेंगा लहान व चपट्या असून त्यांच्या कडांना राठ केस असतात. त्या वाळल्या की त्यांचे एकेका बीचे तुकडे पडतात आणि गुरांच्या अंगाला किंवा माणसांच्या कपड्यांना चिकटून दूरवर जातात. तिच्या रुमालालाही त्या अशाच चिकटल्या होत्या. सोलून काढल्यावर वीस बिया निघाल्या.

तिने त्या लगेच एका कुंडीत पेरल्या आणि रोज पाणी घातले. कार्तिक गेला, मार्गशीर्षही सरत आला. पण मातीवर हिरवा ठिपका दिसेना. शेवटी तिने मला माती उकरण्यास सांगितले. बिया जशाच्या तशा होत्या. कुजलेल्या नव्हत्या, फुगलेल्याही नव्हत्या. जणू बारीक खडेच! तिचा चेहरा उतरला. मला मात्र आनंद झाला, कारण बी मेले नव्हते, ते केवळ बंद होते.

लाजाळू हे चिंच, बाभूळ, शिरीष यांच्या कुळातील झाड. या कुळातील पुष्कळ बियांचे कवच इतके टणक असते, की पाणी आत शिरतच नाही. रानात ऊन, पाऊस आणि मातीचे घर्षण यांनी ते हळूहळू झिजते. म्हणून सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत. एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तरी उरलेल्या बिया पुढच्या वर्षासाठी मातीत शिल्लक राहतात. शिवाय आम्ही पेरणी केली होती मावळच्या थंडीत, आणि लाजाळूला हवी असते ऊब. दोन्ही चुका आमच्याच होत्या.

गुढीपाडव्यानंतर आम्ही पुन्हा प्रयत्न केला. पाणी उकळून चुलीवरून उतरवले, थोडे निवू दिले आणि त्यात बिया टाकून रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी अकरा बिया टम्म फुगल्या होत्या. उरलेल्या नऊ बिया तिने काचकागदावर एका बाजूने हलक्या हाताने घासल्या आणि पुन्हा भिजत घातल्या. त्यांतल्याही काही फुगल्या. पसरट मातीच्या भांड्यात बागेतील माती, वाळू आणि थोडे जुने शेणखत मिसळून, नखभर खोलीवर एकेक बी ठेवून आम्ही वरून माती पसरली. आठव्या दिवशी पहिला कोंब वर आला. मग पंधरवड्याच्या आत सात रोपे झाली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उत्साही माळ्याच्या हातून झाडे पाण्याने मरतात. नातीने सकाळ-संध्याकाळ पाणी घालून माती सतत चिंब ठेवली, तेव्हा चार रोपे बुडाशी काळी पडून आडवी झाली. तेव्हापासून वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालायचे नाही, असा तिने नियम केला. उरलेली तीन रोपे दोन-दोन खरी पाने फुटल्यावर मातीच्या गोळ्यासह उचलून वेगवेगळ्या कुंड्यांत लावली. लाजाळूच्या मुळांना धक्का सोसत नाही. कुंड्या पूर्वेच्या ओसरीवर ठेवल्या, म्हणजे चार-पाच तास ऊन मिळे. खत पुढे फारसे दिले नाही. या झाडाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील सूक्ष्म जीव हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात.

शेजारचे शेतकरी एके दिवशी ओसरीवर आले. कुंड्या पाहून म्हणाले, “गुरुजी, पोरीची हौस आहे, ठीक आहे. पण हिचं बी बांधावर पडू देऊ नका. खाचरात शिरली, तर लावणीला पायांची चाळण होईल.” त्यांचे म्हणणे खरे होते. लाजाळूच्या खोडाला बारीक, वाकडे काटे असतात. हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. तेथून ते जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरले आणि पुष्कळ ठिकाणी शेतातील तण होऊन बसले. फुले गळून शेंगा धरल्या, की पिकण्यापूर्वीच त्या खुडीन, असे नातीने त्यांना वचन दिले.

खरे संकट आले ते ज्येष्ठात. रोपे वीतभर झाली होती. एका रविवारी नातीच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या मागोमाग वाडीतील सारी मुले आली. प्रत्येकाला पान मिटवून पाहायचे होते. पाने उघडण्याची वाट पाहावी, उघडली की पुन्हा बोट लावावे, असा खेळ तिन्हीसांजेपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभराने सर्वांत लहान रोपाची पाने पिवळी पडली आणि ते वाळले. मुलांच्या हाताळण्याने की आणखी कशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नातीने दोष स्वतःकडे घेतला.

तिने मला विचारले, “आबा, ते खरंच लाजतं का? लाजून लाजून मेलं का?”

मी तिला पानाचा देठ नीट पाहण्यास सांगितले. देठ खोडाला जेथे मिळतो, तेथे एक फुगवटा असतो. प्रत्येक लहान दलाच्या बुडाशीही तसाच, पण अगदी बारीक फुगवटा असतो. त्यातील पेशी पाण्याने ताठ भरलेल्या असतात आणि त्यांच्या ताठरपणावर पान उभे राहते. पानाला स्पर्श झाला, की विजेचा एक सूक्ष्म संदेश देठातून सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर या वेगाने जातो. तो पोचताच फुगवट्याच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार बाहेर पडतात व त्यांच्यामागून पाणीही निघते. ती बाजू सैल पडते आणि पान मिटते. हे सारे एक-दोन सेकंदांत घडते. पण पेशींत पाणी पुन्हा भरून पान उघडण्यास दहा ते वीस मिनिटे लागतात. आपले थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूतील हे विद्युत्-संदेश स्वतः तयार केलेल्या नाजूक यंत्रांनी टिपून दाखवले. १९१७ साली त्यांनी कोलकात्यास स्थापन केलेली संशोधनसंस्था आजही कार्य करीत आहे.

“म्हणजे लाज नाही?” तिने विचारले.

लाज हा शब्द माणसांचा. लिनीअसने १७५३ साली या झाडाला ‘मिमोसा पुडिका’ हे नाव दिले, त्यातील ‘पुडिका’चा अर्थही लाजरी असाच आहे. परंतु २०२२ साली जपानमधील संशोधकांनी पाने न मिटणारी लाजाळूची रोपे तयार केली आणि ती नेहमीच्या रोपांबरोबर कीटकांपुढे ठेवली. नाकतोड्यांनी न मिटणारी पाने अधिक खाल्ली. तेव्हा पान मिटणे हे झाडाचे संरक्षण आहे. मात्र ते फुकट मिळत नाही. पान मिटलेले असते तेवढा वेळ त्यावर ऊन कमी पडते आणि अन्न कमी तयार होते. हे ऐकून नात बराच वेळ गप्प बसली. मग तिने पुठ्ठ्यावर लिहून पाटी लावली : ‘दिवसातून एकदाच, एकाच पानाला, एकाच बोटाने.’ पाटी पाहून मुले हसली. पण नियम पाळला गेला.

रात्री मात्र कोणी न शिवताही पाने मिटत. १७२९ साली मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशी एक वनस्पती पूर्ण अंधारात ठेवून पाहिली, तेव्हा ऊन नसतानाही तिची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. झाडाच्या आत घड्याळ असते, याचा तो पहिला पुरावा. आपल्या रानातला कवला, ज्याची भाजी आपण श्रावणात खातो, त्याचीही पाने स्पर्शाने मिटतात. पण लाजाळूच्या मानाने फार सावकाश.

श्रावण लागला तेव्हा दोन्ही रोपांना गुलाबी, लोकरीच्या गोंड्यांसारखी फुले आली होती. त्याच सुमारास लोणावळ्यास राहणारी माझी मुलगी, म्हणजे नातीची आत्या, ओल्या पायरीवरून घसरली. पाय मोडून ती अंथरुणाला खिळली. नातीने आपल्या दोन रोपांपैकी चांगले रोप आत्याला द्यायचे ठरवले. मग रात्री मला हळूच म्हणाली, “आबा, गाडीच्या धक्क्यांनी दर क्षणाला मिटत राहिलं, तर ते पोचेपर्यंत जगेल का?”

आम्ही तळेगावला लोणावळ्याची लोकल धरली. कुंडी कापडी पिशवीत घालून तिने मांडीवर घेतली होती. गाडी सुटताच पहिल्या हिसक्यासरशी सगळी पाने मिटली, देठ खाली पडले. वडगाव गेले, कान्हे गेले, रोप मलूल. नातीचे डोळे भरून आले. मी तिला देफोंतेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगू लागलो. दोनशे वर्षांपूर्वी त्याने लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत ठेवून पॅरिसच्या फरसबंदी रस्त्यांवरून फिरवल्या होत्या. आधी सारी पाने मिटली. पण गाडी खडखडतच असताना ती पुन्हा उघडली. गोष्ट संपली तेव्हा कामशेत मागे पडले होते. मळवलीजवळ लोहगड-विसापूर धुक्यात दिसू लागले, आणि नातीने माझी बाही ओढली. गाडी तशीच हिसके देत होती, पण वरची तीन पाने उघडली होती.

“दमलं असेल,” ती म्हणाली. “मिटायची शक्तीच उरली नसेल.”

हीच शंका संशोधकांनाही आली होती. २०१४ साली मोनिका गॅग्लियानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या पंधरा सेंटीमीटर उंचीवरून पुनःपुन्हा खाली सोडल्या. त्या पडण्याने अपाय होत नव्हता. काही वेळाने रोपांनी पाने मिटणे सोडून दिले. तेव्हा कुंड्या निराळ्या रीतीने हलवून पाहिल्या, तर पाने तत्काळ मिटली.

“आपण पण पाहू या?” तिने बोट पुढे केले आणि लगेच मागे घेतले. “नको. आजचा एकदाचा स्पर्श आत्याचा.”

आत्या उशाला टेकून बसली होती. नातीने कुंडी तिच्या शेजारच्या स्टुलावर ठेवली. तोवर जवळजवळ सारी पाने उघडली होती. आत्याने एका पानाच्या टोकाला बोट लावले. टोकाकडून देठाकडे, एकामागून एक, दले जोडीजोडीने मिटत गेली आणि अखेर देठ खाली झुकला.

“अगंबाई!” आत्या म्हणाली. पुष्कळ दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आले होते. “आणि याला पाणी केव्हा घालायचं?”

“वरची माती बोटाला कोरडी लागली की,” नात म्हणाली, आणि पिशवीतून पुठ्ठ्याची पाटी काढून तिने ती कुंडीला टेकवून ठेवली.