कान्हेरीचे पाणी

दिवाळीच्या सुटीत मामांकडे घाटकोपरला गेले, तेव्हा मुंबई पाहण्यासाठी माझ्या हाती शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस होते. मामांनी गेटवे, राणीची बाग, चौपाटी अशी यादी तयारच ठेवली होती. मी म्हणाले, "मला उपनगरातली लेणी पाहायची आहेत." मामा हसले. "अगं, उपनगरात काय पाहायचं? इथं माणसं झोपायला येतात."

माझ्या हट्टाला कारण होते. सुटीपूर्वी इतिहासाच्या तासाला आम्ही एक वाक्य उतरवून घेतले होते : सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप एकमेकांशी लढत असले तरी त्यांच्यात सोयरीक झाली होती, आधार, कान्हेरीचा शिलालेख. परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून मी त्याखाली रेघ मारली होती. हा 'आधार' दिसतो तरी कसा, हे पाहावे एवढीच इच्छा.

शनिवारी मामेभावाबरोबर मेट्रोने अंधेरीच्या बाजूला गेले आणि कोंडिविट्याची, म्हणजे महाकालीची लेणी पाहिली. चहूकडे इमारती आणि मध्ये हा खडक. येथील चैत्यगृहात स्तूप एका गोल दालनात आहे आणि दालनाच्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. झोपडीचा आकार दगडात आणण्याचा तो जुना प्रयत्न वाटतो. जोगेश्वरीचे सहाव्या शतकातील शैव लेणेही त्याच दिवशी उरकले; त्याविषयी लिहावे इतके मी ते नीट पाहिले नाही.

रविवारी मात्र पहाटेच जाग आली. मामींकडे पाणी ठराविक वेळीच येते. मामी पिंप, बादल्या, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवत होत्या. मी उठून मदतीला लागले. जत तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर यायचा, आणि शाळा बुडवून घागर घेऊन रांगेत मीच उभी असायची. मुंबईत हे काम सुटेल असे वाटले होते!

दादरला गाडी बदलून आम्ही बोरिवलीला उतरलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी बरीच आत आहेत. घाईत पाण्याची बाटली घरीच राहिली होती आणि ऑक्टोबरचे ऊन कडक होते. शंभराहून अधिक लेणी आहेत हे वाचले होते, पण एक डोंगरच्या डोंगर वस्तीसारखा कोरलेला असेल असे वाटले नव्हते. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह भव्य आहे, त्याच्या व्हरांड्यातील दोन उभ्या बुद्धमूर्तींपुढे मान वर करावी लागते. हे सर्व कोणत्याही माहितीपुस्तकात मिळेल. मी थबकले ते वरच्या साध्या लेण्यांपाशी.

पायऱ्या, ओसरी, आत खोली, बसायला दगडी बाक. आणि जवळजवळ प्रत्येक दाराशी जमिनीत चौकोनी तोंडाचे टाके. वर पाहिले तर खडकाच्या माथ्यावर पन्हळी खोदलेल्या. पावसाचे पाणी पन्हळीतून उतरते, टाक्यात जमते, आणि खडकाच्या पोटात असल्याने उन्हाने फारसे उडत नाही. येथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने थेंब नाही. भिक्षू येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे राहिले, ते या टाक्यांच्या जोरावर. येथील प्राकृत शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात. कल्याण, सोपारा, नाशिक येथील लोकांनी लेणे दिले, त्याबरोबर पोढीही दिली. घर द्यायचे आणि पाणी द्यायचे नाही, हे त्यांच्या दानात बसत नसावे.

आता माझा 'आधार'. चैत्यगृहापासून जवळच एका टाक्यावर तो कोरलेला आहे. ब्राह्मी लिपी, संस्कृत भाषा, अक्षरे झिजलेली. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील आणि महाक्षत्रपाची कन्या, असे त्यात आहे. पित्याच्या नावातील 'रु' एवढेच उरले असून अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. सतेरक नावाच्या अमात्याचे हे दान. दान कशाचे? 'पानीयभाजन', पिण्याच्या पाण्याचे टाके! दोन राजघराण्यांच्या नात्याचा पुरावा कोणा विजयस्तंभावर नव्हता. तो पाणी साठवायच्या जागी होता. आमच्या वहीत हे नव्हते. सोयरीक होती, टाके गळून पडले होते.

घशाला कोरड पडली होती आणि समोर पाणी दिसत होते, हिरवे, शेवाळलेले, पिण्याजोगे नसलेले. भाऊ म्हणाला, "ताई, खाली जाऊन सरबत घेऊ." घेतले.

परतताना त्याने सांगितले की विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांत आहेत. विहारचे पाणी मुंबईला १८६० पासून मिळू लागले आणि तुळशी १८७९ चा. तेव्हा ही साष्टी मुंबईच्या हद्दीबाहेर होती. मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा भाग महापालिकेत आला १९५७ मध्ये. म्हणजे उपनगर मुंबईत येण्याच्या सत्त्याण्णव वर्षे आधीपासून या डोंगरांचे पाणी मुंबईत जात होते. मामांची यादी मला येथे आठवली.

रात्री मी मामांना टाक्यांविषयी सांगितले. ते बराच वेळ ऐकत राहिले. "इतकी वर्षं इथं काढली," ते म्हणाले, "आणि आम्ही तिथं फक्त मुलांना झुकझुक गाडीत बसवायला नेलं." मामींनी विचारले, "त्यांच्या टाक्यांना वेळ होती का गं, की केव्हाही भरून घ्यायचं?" मला उत्तर आले नाही.

गावी आल्यावर वही काढली. रेघ मारलेल्या वाक्यातील 'शिलालेख' या शब्दापुढे जागा थोडी होती. तेथे बारीक अक्षरांत लिहिले : पाण्याच्या टाक्यावरील.