‘पाणी’शी जुळणारे शब्द

चि. मुक्ता,

तुझी गझल वाचली. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘पाणी’ आणि ‘गाणी’ घेतलेस आणि तिसऱ्या शेरापाशी अडलीस. शब्द संपले, असं लिहितेस. ते संपलेले नाहीत.

शोधताना नुसतं ‘णी’ धरू नकोस, ‘आणी’ धर. ‘णी’च्या आधीचा ‘आ’ ही तुझ्या गझलेची अलामत. मतल्यात ती ठरली की शेवटपर्यंत बदलत नाही, म्हणून ‘लेणी’, ‘वेणी’ इथे चालणार नाहीत. मतल्यात ‘पाणी’ आणि ‘माती’ असते तर फक्त शेवटची ‘ई’ सांभाळायची होती, तो स्वरकाफिया. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ मिळवून वाच, हे सगळं पक्कं होईल.

आता मुळाक्षरं ओळीने लावून बघ: खाणी, नाणी, राणी, वाणी. बहुतेक जण इथेच थांबतात. तू लांब शब्दांकडे वळ: कहाणी, विराणी, गाऱ्हाणी, शहाणी, अनवाणी. ‘पाणी’शेजारी ‘गाणी’ कुणीही ठेवेल. ‘अनवाणी’ आलं की ओळीत पाय येतात, वाट येते, तापलेली जमीन येते. मनात नसलेला शेर असा शब्दच सुचवतो. मात्र मतल्यात ‘केविलवाणी’ आणि ‘दीनवाणी’ जोडलेस, तर ‘वाणी’ बांधलं जातं. मग पुढे ‘पाणी’ बसत नाही.

सगळ्या रचना इतक्या कडक नसतात. ज्ञानेश्वरांच्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात, चौथा आखूड आणि मोकळा. मोठ्या अभंगात दुसरा-तिसरा जुळला की झालं. पंडित कवींचं यमक वेगळंच: अक्षरं तीच, अर्थ निराळा, जसा दुकानातला वाणी आणि मुखातली वाणी. त्या हौसेपायी वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ म्हणत. तो सोस कवितेला जड होतो, पण कान तयार व्हायला एकदा करून बघच.

‘पाहतो–बोलतो’, ‘जाताना–येताना’ यांना मी यमक मानत नाही. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे प्रत्यय आपोआप जुळतात. कवीने त्यात काही शोधलेलं नसतं. ‘करतो–धरतो’मध्ये निदान धातू तरी जुळतात. तुझ्या वहीतल्या अशा जोड्या निर्दयपणे खोड.

आणि अडलेला शेर ‘अनवाणी’वर लिहून पुढच्या पत्रात पाठव.

तुझी,
आत्या