चाचण्या कमी, म्हणून रुग्ण कमी?

प्रश्न : मार्च २०२० मध्ये करोनाच्या चाचण्या मोजक्याच लोकांच्या होत होत्या. त्यावर झालेली टीका योग्य होती का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बऱ्याच अंशी हो. सुरुवातीला मुख्य भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर होती. किट आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ तुटपुंजे होते. म्हणून आयसीएमआरने परदेशातून आलेले आणि बाधितांच्या संपर्कातले, तेही लक्षणे असतील तरच, तपासायचे ठरवले. टंचाईत हे समजण्यासारखे होते. पण कधी गावाबाहेरही न गेलेला न्यूमोनियाचा रुग्ण या चाळणीतून निसटत होता आणि समूहसंसर्ग झाला आहे की नाही, हे कळायला मार्गच उरत नव्हता. अखेर २० मार्चला श्वसनाच्या तीव्र आजाराने दाखल झालेल्या प्रत्येकाच्या चाचणीचा निर्णय झाला. पाठोपाठ खासगी प्रयोगशाळांनाही ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालून मुभा मिळाली.

पुढे कधी साथ आलीच, तर नुसत्या रुग्णसंख्येवर विसंबू नका. शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघाले, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये यासाठी पाच टक्क्यांचा निकष दिला होता. प्रमाण सतत त्यावर राहिले, तर चाचण्या वाढवण्याची मागणी जरूर करा.