कपाशीतलं पोर: तैलरंगात, पहिल्या फटक्यापासून

चला, देवगाव फाट्याच्या शिवारात! कपाशी फुटलीय, बांधावर पोर बसलंय. हेच आपलं चित्र. ठळक रेषा आणि जाड रंग, व्हॅन गॉगच्या थाटात. अंदाजासाठी त्याचं १८९० सालचं ‘पहिली पावलं’ मोबाइलवर एकदा बघा, मग मोबाइल खिशात.

साहित्य: प्रायमर लावलेला १२ × १६ इंची कॅनव्हास. लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमझन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, टायटॅनियम व्हाइट. टर्पेंटाइन. ४, ८ आणि १२ नंबरचे चपटे ब्रश, पॅलेट नाइफ, सुती चिंध्या.

कृती

१. सकाळी लवकर, पोराच्या आईवडिलांना विचारून फोटो काढा. भर दुपारी नको. डोळ्यांखाली काळोख पडतो.

२. वहीत तीन आकार मांडा: आभाळ, कपाशी, पोर. आभाळ वरच्या पाव भागातच ठेवा.

३. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ऑकर कॅनव्हासभर पुसा. यात तेल घालू नका. खालचा थर तेलकट झाला, तर वरचा पुढे तडकतो.

४. हा थर वाळू द्या. बोटाला रंग लागतोय तोवर पुढे जाऊ नका.

५. ४ नंबरच्या ब्रशने पातळ निळ्यात पोराची बाह्यरेषा काढा. पेन्सिल नको, तिचं शिसं रंगात मिसळून रंग मळतो.

६. आभाळ, माती, पानं, बोंडं, कातडी असे पाच ढीग नाइफने कालवा. ब्रशने कालवलंत, तर रंग केसांच्या मुळाशी अडकतो.

७. १२ नंबरने आभाळ आडव्या फटक्यांनी भरा. पोराची जागा मोकळी सोडा.

८. आता काळी माती: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, कपाशीच्या ओळी धावतात त्याच दिशेने. ट्यूबमधला काळा नकोच. शेताला भोक पडल्यासारखं दिसतं.

९. ८ नंबरने पानांचे आखूड फटके मारा, लाल्या आलेल्या पानांवर थोडं क्रिमझन. फटका मारला की ब्रश उचला. घोळवलंत की हिरव्याचा चिखल.

१०. बोंडं नाइफच्या टोकाने ठेवा: उन्हातली लिंबूपिवळट, सावलीतली फिकट जांभळी. निव्वळ पांढरा फक्त पुढच्या दोनचार बोंडांना.

११. सदरा नारिंगी करा, खरा कुठलाही असो. निळ्या सावल्यांशेजारी तोच उठतो.

१२. चेहऱ्याची उन्हाकडची बाजू ऑकर-व्हर्मिलियनने, सावलीची हिरवट जांभळ्याने भरा. पापण्या कोरत बसू नका.

१३. निळी बाह्यरेषा पुन्हा ओढा, मधूनमधून तुटू द्या. प्रत्येक ओढीनंतर ब्रश पुसा, नाहीतर खालचा ओला रंग वर येतो.

१४. दहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करा. आधी बोंडंच दिसली, तर पोराजवळची थोडी मळकी करा.

१५. रंगाच्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा. बोळा करून टाकल्या, तर तेलामुळे आपोआप पेट घेऊ शकतात.

१६. चित्र धूळ नसलेल्या, हवेशीर खोलीत ठेवा. वार्निश किमान सहा महिन्यांनी. जाड फटके आतून ओले असतील, तर आणखी थांबा. भिंतीवर मात्र आजच लावा, फक्त पोराटोरांच्या हाताला लागेल एवढं खाली नको!