बियाण्याच्या पुड्याबरोबर मन काय विकत घेतें

मृगापूर्वीं पंधरा दिवस तालुक्याच्या गांवीं बियाण्यांच्या दुकानांपुढें जी दाटी होते, ती आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. एकाच वाणाच्या पुड्यासाठीं लोक ताटकळत उभे राहतात, प्रसंगीं छापील किंमतीहून अधिक पैसे मोजतात, आणि त्याच फळीवर दुसरे चांगले वाण तसेच पडून असतात. ही निवड आपली जमीन पाहून झालेली असते काय, असा प्रश्न केल्यास प्रामाणिक उत्तर बहुधा नकारार्थीच येईल. वस्तु घेतांना गिऱ्हाईक मनाचीही एखादी गरज भागवीत असतें, असें मानसशास्त्र सांगतें. आणि शेतकरी हाही बाजारांत गिऱ्हाईकच होय.

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1943 सालीं मनुष्याच्या गरजांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. प्रथम अन्नपाणी, मग निर्भयता, मग चारचौघांची सोबत, मग मान, आणि शेवटीं अंगच्या गुणांचें चीज, अशी त्याची मांडणी आहे. हा क्रम सर्वांस तंतोतंत लागू पडतो असें नाहीं. परंतु भय, सोबत व मान या मधल्या तीन गरजा बियाण्याच्या दुकानांत उघड दिसतात. "माल संपत आला आहे" हें वाक्य दुकानदार भयासाठीं उच्चारतो. जोखीम नको म्हणून बियाण्यासोबत औषधाची एक बाटलीही गळ्यांत बांधतो.

मानाची गोष्ट अशी. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत मक्याच्या कणसांचीं प्रदर्शनें भरत. कणीस घाटदार, दाण्यांच्या ओळी सरळ, कीं बक्षीस मिळे, आणि तसलें बी राखण्यांत शेतकरी भूषण मानीत. हेन्री वॉलेस या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें 1904 सालीं परीक्षकानें क्रम लावलेलीं कणसें वेगवेगळीं पेरून उत्पन्न मोजलें. दिसण्याचा क्रम आणि उत्पन्नाचा क्रम यांचा मेळ बसला नाहीं. याच वॉलेस यांनीं पुढें 1926 सालीं संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. ते 1941 ते 1945 पर्यंत अमेरिकेचे उपाध्यक्षही होते.

परंतु सर्वांत बलवत्तर गरज सोबतीची, असें मला वाटतें. याच आयोवांत ब्राइस रायन व नील ग्रॉस या अभ्यासकांनीं 259 शेतकऱ्यांस भेटून, संकरित मका कोणी केव्हां व कां घेतला याची चौकशी केली, ती 1943 सालीं प्रसिद्ध झाली. नव्या बियाण्याचें उत्पन्न शेंकडा वीसच्या सुमारास अधिक. तरीही 1933 पर्यंत शेंकडा दहाच शेतकरी तिकडे वळले होते. 1936 पर्यंत मात्र ते शेंकडा चाळीस झाले. बियाण्याचें नांव पुष्कळांनीं प्रथम विक्रेत्याच्या तोंडून ऐकलें होतें, पण घेण्याचा निश्चय झाला तो शेजाऱ्यामुळें. हा शेजारी कसा होता हें लक्षांत घ्यावें. त्यानें पहिल्या वर्षीं थोड्याच जमिनींत तें बी पेरलें, तीन-चार हंगाम पाहिलें, आणि मगच सर्व शेतांत घेतलें. त्याच्या मागून जाणारास त्याचा अनुभव फुकट मिळाला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. 2002 सालीं सरकारनें बीटी कपाशीस परवानगी दिल्यानंतर ग्लेन डेव्हिस स्टोन या संशोधकानें वरंगळ जिल्ह्यांत कपाशीच्या बियाण्याची निवड अभ्यासिली व 2007 सालीं आपला निष्कर्ष मांडला. एक गांव एका वाणावर तुटून पडे, दुसरें गांव दुसऱ्यावर. पुढल्या वर्षीं दोन्ही वाण मागें पडत. जमीन वा पाऊस यांवरून या लाटांचा उलगडा होत नव्हता. बाजारांत नांवें इतकीं झपाट्यानें बदलत कीं परीक्षेस अवधीच उरत नसे. शेजाऱ्याकडे पाहून घेण्याची रीत आयोवांतलीच होती. परंतु येथें शेजाऱ्यानेंही मोजलेलें कांहीं नव्हतें, त्यानें तिसऱ्याकडे पाहिलें होतें.

महसूल खात्यांत असतांना पीकनुकसानीचे पंचनामे पुष्कळ माझ्या हाताखालून गेले. त्यांत पीक, क्षेत्र, नुकसानीचें प्रमाण असे रकाने असत. वाण कोणाच्या सांगण्यावरून घेतला, असा रकाना मीं कधीं पाहिला नाहीं. उसनवारीनें आणलेलें बी फसलें तर त्या हंगामाचे पैसेही जातात आणि हंगामही जातो.

म्हणून शेजाऱ्यास "यंदा काय घेतलें ?" असें न विचारतां, "गेल्या वर्षीं किती एकरांत किती क्विंटल झालें, व पाणी किती दिलें ?" असें विचारावें. नवा वाण घेणेंच असेल तर दोन-चार गुंठ्यांपुरता घ्यावा, जुन्या वाणाशेजारीं, त्याच दिवशीं, तितक्याच खतावर पेरावा, आणि वेंचणी वेगळी वजन करावी. मात्र हा तुकडा रस्त्याच्या कडेला नसावा. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेपुढील पिकास आपल्या हातून नकळत एक पाटी खत जास्त पडतें.