ओटीपी सांगण्याआधी

लेकीच्या गुरुजींनी सांगितलं, आता इलेक्ट्रॉनिक तानपुरा पुरे, खरा घ्या. भोपाळहून मिरजेला जायला सवड नव्हती, म्हणून 'मिरज मेक' लिहिलेला तानपुरा एका वेबसाइटवरून मागवला. अडतीस हजार रुपये आधीच भरले.

मे महिन्यातल्या भर दुपारी कुरिअरवाला तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आला. "आंटीजी, ओटीपी बता दीजिए, नीचे गाड़ी खड़ी है." खोक्यावर ओरखडाही नव्हता. मी ओटीपी सांगितला, त्याला पाणी दिलं, तो गेला. खोकं आत सरकवताना काहीतरी खुळखुळलं. मला वाटलं, तारांचे मणी सुटले असतील. लेक आल्यावर उघडू म्हणून तसंच ठेवलं.

संध्याकाळी उघडलं, तर भोपळ्याला तबलीपासून पाठीपर्यंत भेग. तळहाताएवढा तुकडा आत पडलेला. आधाराला वर्तमानपत्राचे दोन बोळे आणि तारा चढवलेल्या तशाच ताणलेल्या. लेकीने तुकडा उचलून भेगेवर धरून पाहिला आणि खाली ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही.

विक्रेत्याचं उत्तर आलं: माल सुस्थितीत पोचल्याची नोंद आहे, खोकं शाबूत होतं, तुमच्याच घरी पडला असेल. ओटीपी म्हणजे माझी सही, आणि ती मी न बघता दिली होती. खोकं उघडतानाचा एक फोटोसुद्धा नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली. चार महिन्यांनी निम्मे पैसे मिळाले.

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे मला उशिरा कळलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण वस्तू आपल्या हाती येण्याआधीच फुटली होती, हे दाखवायला पुरावा लागतोच.

म्हणून कळकळीने सांगते, पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: पेटी लाकडी की पुठ्ठ्याची? तारा सैल करून पाठवणार का? वाटेत फुटलं तर भरपाई कोण देणार, विमा कुणाच्या नावे? तो फोनवर गोड बोलेल, तरी उत्तर मेसेजवरच मागा आणि जपून ठेवा. उघडून बघून घ्यायची सोय असेल, तर तीच निवडा. नसेल, तर निदान दारातच खोकं हलवून कान द्या. आवाज आला, तर ओटीपी देऊ नका, माल परत पाठवा. घेतलंत, तर चिकटपट्टी कापण्यापूर्वी व्हिडिओ सुरू करा. पत्त्याची चिठ्ठी, सहाही बाजू, मग आतलं, मध्ये न थांबवता. तुटलेलं दिसलं, तर त्याच दिवशी कळवा. खोकं, बोळे काही टाकू नका. मी ते बोळे दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात दिले होते.

मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे 'मिरज मेक' कुणी बनवलं, हेही विचाराच.

दिवाळीनंतर आम्ही दोघी मिरजेला गेलो. कारागिराने आमच्यासमोर तारा सैल केल्या, घोडी काढून कापडात गुंडाळून लेकीच्या हातात दिली. गोवा एक्सप्रेस तिथून थेट भोपाळला येते. रात्री खालच्या बर्थवर तानपुरा होता आणि त्याच्या पायथ्याशी लेक बसून होती.